अंतर्यामी आणि बेसिनचे तडे

४ जानेवारी
कोर्स संपला. सर्टिफिकेट आलं. डेटा मायनिंग. खालची सही वाचता येत नाही, म्हणजे करणारा माणूस मोठा असणार. हिने विचारलं, खाणीत काम लागलं का तुम्हाला? समजावून सांगितलं की डेटाच्या ढिगाऱ्यातून ज्ञान उपसून काढायचं असतं. मग आधी माळा उपसा, म्हणाली. हिला रूपक कळत नाही.
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची सुरुवात कशी झाली ते मला पुढे आठवायला हवं. कुणाला दाखवायची नाही.

५ जानेवारी
कामाचं स्वरूप. आमची फॅक्टरी वॉश बेसिन करते. माती साच्यात ओतायची, वाळवायची, वर चकचकीत लेप द्यायचा आणि भट्टीत भाजायची. भाजून झालं की भट्टी बंद ठेवूनच सावकाश थंड होऊ द्यायची. दार उघडलं की निकाल. कधी अख्खा लॉट आरशासारखा, कधी निम्म्या बेसिनांना तडे. का, ते कुणालाच माहीत नाही. मातीवाले लेपाकडे बोट दाखवतात, लेपवाले मातीकडे, आणि दोघं मिळून हवेकडे.
भट्टीवर दोन ऑपरेटर. एक लॉट एकाचा, पुढचा दुसऱ्याचा. एकाला सगळे खडूस म्हणतात. दुसरा माझा मेहुणा, हिचा धाकटा भाऊ. त्याला इथे मीच चिकटवला. खडूसच्या मते भट्टीला कुणाची तरी नजर लागते. आजच्या काळात हे ऐकून घ्यावं लागतं.
तडे वाढले ते गेल्या वर्षभरात. नशीब, साधारण त्याच सुमारास आमच्या क्वालिटी खात्याला पिस्तुलासारखा नवीन थर्मामीटर मिळाला. तेव्हापासून मी भट्टी थंड होत असताना बाजूची छोटी खिडकी उघडून आतलं तापमान घेतो. थर्मामीटर अगदी वेळेवर आला म्हणायचा.
संकल्प: मार्चअखेर एकही तडा नाही.

१० जानेवारी
साहेबांपुढे प्रेझेंटेशन. मॉडेलचं नाव ठेवलं ‘अंतर्यामी’. साहेबांनी विचारलं, हे भविष्य सांगणार का? भविष्य नाही, प्रेडिक्शन, असं म्हटल्यावर त्यांचं समाधान झालं.
डेटा भरायला घेतला. तापमानाच्या कॉलममध्ये अर्धे रकाने रिकामे. कारण उघड आहे. खडूसचा लॉट थंड होत असला की तो मला खिडकीच्या आसपास फिरकू देत नाही. नंतर या, म्हणतो, आणि नंतर गेलं की परत नंतर या म्हणतो. मेहुण्याचं तसं नाही. मी दिसलो की स्टूल पुसून ठेवतो, खिडकीची कडी स्वतः काढतो. माणसाला सहकार्य कळतं.
कोर्समध्ये शिकवलं होतं, रिकाम्या रकान्यात सरासरी भरावी. भरली. कॉलम कसा भरगच्च दिसायला लागला.

२० जानेवारी
अंतर्यामीला अजून डेटा हवा. आता रोज जायचं ठरवलं.
आज मेहुण्याचा लॉट थंड होत होता. खिडकी उघडण्याआधी तो जरासा घुटमळला. दाजी, आज राहू द्यायचं का, असं काहीतरी पुटपुटला. मी म्हटलं, विज्ञानाला आज-उद्या नसतं. त्याने कडी काढली. गार वाऱ्याचा झोत आत गेला आणि आतून ‘टण्’ असा आवाज आला. भट्टी बोलते अशी. मी रीडिंग घेतलं.
थर्मामीटर धरायला मी त्याला शिकवणार आहे. पोरगा हुशार आहे.

२ फेब्रुवारी
महिन्याभरात पूर्वी कधी नव्हतं इतकं रीडिंग घेतलं. तडेही पूर्वी कधी नव्हते इतके. म्हणजे रोग बळावतोय आणि मी ऐन वेळी पोचलोय.
आज अंतर्यामीला पहिल्यांदा विचारलं, तड्यांचं कारण काय? खूप वेळ गोल फिरत होता. मग ग्राफ आला. माती सगळ्यात खाली. लेप खाली. हवा खाली. सगळ्यात वर, बाकी साऱ्यांच्या डोक्यावरून जाणारा एकच उभा पट्टा: ऑपरेटर. आणि ऑपरेटरमध्ये मेहुणा.
कॉम्प्युटर बंद करून परत चालू केला. तेच.

३ फेब्रुवारी
घास उतरला नाही. नेमकी हिनेही आजच माझ्या आवडीची भाजी केली होती.

५ फेब्रुवारी
ऑपरेटरचा कॉलमच काढून टाकला. माणसाने माणसासारखं वागावं. पण मग अंतर्यामी एकदम बावळट झाला. तडे जाणार म्हणाला तिथे बेसिन ठणठणीत, ठणठणीत म्हणाला तिथे चुरा. माझ्याकडे बघून केविलवाणं हसतोय असं वाटलं. कॉलम परत घातला.
गणितापुढे नातं चालत नाही. हे वाक्य कुठेतरी वापरायला बरं आहे.

९ फेब्रुवारी
साहेब तीनदा विचारून गेले, निष्कर्ष काय? मी म्हटलं, मॉडेल अजून शिकतंय. साहेब म्हणाले, माझा मुलगाही असंच सांगतो.
पर्याय १. गप्प बसावं. पण मग अंतर्यामीचं काय? माझं काय?
पर्याय २. हिला आधी सांगावं. नको.
पर्याय ३. नाव न घेता सांगावं. हा उत्तम.

१२ फेब्रुवारी
मीटिंग. गुप्तता पाळायची म्हणून स्लाइडवर ऑपरेटर ‘अ’ आणि ऑपरेटर ‘ब’ असंच लिहिलं. दोष ‘ब’चा. साहेबांनी विचारलं, ब म्हणजे कोण? मी म्हटलं, जो अ नाही तो.
मी नाव घेतलं नाही. हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो. माझ्या तोंडून नाव गेलेलं नाही. खडूस दाराशी उभा होता, माझी नजर तिकडे गेली असेल, तो अ आहे हे साहेबांना आपोआप कळलं.

१६ फेब्रुवारी
मेहुण्याची भट्टीवरून पॅकिंगला बदली. आता तो शेडमध्ये बसून बेसिनांना पुठ्ठा गुंडाळणार. त्याच्या जागी लेप खात्यातला एक जण खडूसच्या हाताखाली आला.
मेहुणा दुपारी माझ्या टेबलापाशी आला. मला वाटलं, कळलं. पण नाही. हळू आवाजात विचारलं, दाजी, माझं काय चुकलं ते तुम्ही जरा काढून बघाल का, तुमचं वजन आहे. मी म्हटलं, वरून आलंय. वर बोट केलं. वर फक्त पंखा होता. तो पंख्याकडे बघत राहिला आणि मग गेला.
फार वाईट वाटलं. पण वाईट वाटणं हे चांगल्या माणसाचं लक्षण आहे.

१७ फेब्रुवारी
सासूबाईंचा फोन. पोराला भट्टीवरून काढलंय म्हणे, पण जावईबापू, तुम्ही आहात म्हणून मला घोर नाही. फोन हिच्या हातात दिला आणि उगीचच आंघोळीला गेलो. सकाळी एकदा झाली होती.

२० फेब्रुवारी
भट्टीकडे जायचा रस्ता पॅकिंगच्या शेडवरून जातो. मागून वळसा घालून बघितला, तिथे चिखल. तूर्त भट्टीवर जाणं बंद. टेबलावरूनही खूप काही करता येतं. रिकाम्या रकान्यांत सरासरी भरतो आहे.

१ मार्च
चमत्कार! लॉटमागून लॉट निघतोय, तडा नाही. साहेबांनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली. अंतर्यामी खरा ठरला. ‘ब’ गेला, तडे गेले. इतका स्वच्छ पुरावा पुस्तकातसुद्धा सापडत नाही.
मग आनंद का होत नाही कळत नाही. बहुधा झोप कमी पडत असेल.

८ मार्च
मेहुणा जेवायला आला. ताटाकडेच बघून जेवला. हिने विचारलं, चेहरा का उतरलाय? उतरला नाही, म्हणाला.
आमच्या कन्येच्या भातुकलीच्या किटलीची नळी तुटली होती. ती नेहमीसारखी मामाकडे घेऊन गेली, चिकटवून दे म्हणून. त्याने हात मागे घेतले. म्हणाला, “माझ्याकडे नको गं. मामाच्या हातानं तडा जातो.”
ती हसली, तिला गंमत वाटली. ही हसली नाही. मी पाणी आणायला उठलो आणि स्वयंपाकघरातच उभा राहिलो. मी काय केलंय हे मला तिथे स्पष्ट दिसत होतं. ग्लास भरेपर्यंत दिसत होतं.
पण आकडे खोटं बोलत नाहीत. मी काय करू?
संकल्प: त्याला कौन्सेलिंग मिळवून देणे. निदान चांगली खुर्ची.

१५ मार्च
खुर्चीचा अर्ज केला. पॅकिंगला खुर्च्या नसतात असं उत्तर आलं.
हेड ऑफिसचे पाहुणे येणार, अंतर्यामी बघायला. साहेब म्हणाले, लाइव्ह दाखवा. इतक्या दिवसांनी भट्टीवर जावं लागणार. त्या दिवशी पॅकिंगवाल्यांना जेवायची सुट्टी जरा लवकर द्यावी, असं सुचवलं. साहेबांना कारण विचारायला सुचलं नाही.

२४ मार्च, सकाळी
लॉट खडूसचा. माती उत्तम, लेप उत्तम, हवा उत्तम. अंतर्यामी म्हणतो, तड्याची शक्यता जवळजवळ शून्य. निळा शर्ट घालतो आहे.

२४ मार्च, संध्याकाळी
पाहुणे तिघे. भट्टी थंड होत होती. मी भाषण केलं आणि थर्मामीटर काढला. खडूस खिडकीपुढे उभा राहिला, थंड होताना उघडायची नाही म्हणाला. साहेबांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो बाजूला झाला. मी कडी काढली.
टण्.
मग टण् टण्. मग भांड्यांचं कपाट कुणी ढकलावं तसं बरंच काही.
पाहुण्यांनी विचारलं, हा आवाज कसला? मी म्हटलं, भट्टी बोलते. भट्टीच बोलत राहिली.

२५ मार्च
दार उघडलं. खिडकीजवळच्या एकूण एक बेसिनला तडा. लांबची शाबूत.
शक्य कारणे: पाहुण्यांच्या बुटांची धूळ. साहेबांचा आवाज. खडूसने मुद्दाम काहीतरी केलं.

२६ मार्च
खडूसने काही केलं नाही. तो माझ्या शेजारीच उभा होता, हात मागे बांधून.
अंतर्यामीला आज एक नवीन कॉलम दिला. कॉलमचं नाव ‘मी’. ज्या ज्या लॉटला मी खिडकी उघडली तिथे एक, नाही तिथे शून्य. जे रकाने मी सरासरीने भरून टाकले होते ते सगळे परत रिकामे केले, कारण जिथे रकाना रिकामा होता तिथे मी नव्हतो, एवढाच त्याचा अर्थ होता.
ग्राफ आला. सगळ्यांच्या डोक्यावरून जाणारा पट्टा: मी. मेहुणा कुठे दिसेना. शोधला तर हवेच्याही खाली, मुंगीएवढा.
म्हणजे खडूस नजर लागते म्हणायचा ते खरंच होतं. नजर पिस्तुलासारखी होती आणि माझ्या हातात होती. आणि मेहुण्याचा गुन्हा काय, तर बहिणीचा नवरा दारात आला आणि त्याला नाही म्हणवलं नाही.
या क्षणी उठून साहेबांकडे जाणं योग्य. पण साहेब आधीच पाहुण्यांमुळे वैतागलेले आहेत. माणसाची मनःस्थिती बघून बोलावं.

२७ मार्च
साहेबांचं डोकं दुखत होतं.

२८ मार्च
साहेबांचं डोकं थांबलं. माझं सुरू झालं.

२९ मार्च, रविवार
हिला सांगितलं. सगळं. निदान बरंचसं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मी बोलत असताना एकच टॉवेल तीन वेळा घडी घालून उलगडला. मला वाटलं रडेल किंवा ओरडेल, त्याची तयारी ठेवली होती. ती म्हणाली, “त्याला सांगितलंत?” मी म्हटलं, आधी तुला सांगावं असं वाटलं. ती म्हणाली, “मला कशाला? माझ्या हाताला काय झालंय?”
आणि टॉवेल माझ्या मांडीवर ठेवून आत गेली.

३० मार्च
पॅकिंगच्या शेडमध्ये गेलो. तो जमिनीवर बसून पुठ्ठा कापत होता. खुर्ची खरंच नाही तिथे. मी उकिडवा बसलो, पँट ताणली. तांत्रिक भाषेत सुरुवात केली: गार हवा, तापमानातला फरक. त्याला समजेना. शेवटी सरळ सांगितलं की मी खिडकी उघडायचो म्हणून तडे जायचे.
तो आपल्या हातांकडे बघत राहिला. उलटे केले, सुलटे केले. म्हणाला, “म्हणजे माझा हात बरा आहे, दाजी?”
मी म्हटलं, अगदी बरा. त्याचे डोळे भरले. माझेही भरले. तसंच उठलो असतो तर बरं झालं असतं. पण त्याने डोळे पुसले आणि विचारलं, मग नाव माझं कसं निघालं? मी म्हटलं, कॉम्प्युटरने काढलं.
“कॉम्प्युटरला माझं नाव कुणी सांगितलं?”
मी पुठ्ठ्याचा एक तुकडा उचलला, परत ठेवला. तो कापायला लागला. एवढंच बोलणं झालं. साहेबांना उद्या नक्की सांगतो, असं मी दोनदा म्हटलं. ऐकलं की नाही माहीत नाही.

३१ मार्च
वर्षाचा हिशेब बंद करायचा दिवस. सगळे घाईत. अशा दिवशी कुणाला गाठू नये.

१ एप्रिल
आज सांगणं धोक्याचं. तारीख बघून त्यांना एप्रिल फूल वाटायचं.
संध्याकाळी हिने विचारलं, सांगितलंत? तारखेचं कारण दिलं. ऐकून ती उठली. मग कन्येला हाक मारून म्हणाली, चल, आपण अंगत पंगत जेवू. त्यांची पंगत दोघींची होती. मी उभ्याने जेवलो.

२ एप्रिल
सांगितलं. सकाळी, पहिल्या चहाच्या आधी, म्हणजे मागे फिरायला जागा राहू नये. नाव घेऊन सांगितलं. मेहुण्याचं नाही, माझं. ‘मी’ हा कॉलम दाखवला.
साहेब रागावतील, काढून टाकतील, असं काय काय मनात होतं. त्यांनी ग्राफ उलटा धरून बघितला, सुलटा धरून बघितला. विचारलं, एवढ्या महिन्यांच्या कामाचा निष्कर्ष एका ओळीत लिहून द्याल का, हेड ऑफिसला पाठवायचा आहे. मी केबिनबाहेर बसून तीनदा लिहिला. तिन्ही वेळा तोच आला: भट्टी थंड होत असताना खिडकी उघडू नये.
साहेब म्हणाले, हे खडूसने फुकटात सांगितलं असतं. मग म्हणाले, बरं, ‘ब’ला परत भट्टीवर घेतो. मी म्हटलं, त्याचं नाव ब नाही. हे मात्र मी म्हटलं. इथे लिहून ठेवतो.
अंतर्यामीचा कॉम्प्युटर हजेरी विभागाने मागून नेला.

८ एप्रिल
मेहुणा परत भट्टीवर रुजू. सुटल्यासारखं वाटलं. संकट टळलं, कुणाचं नुकसान झालं नाही. दोन महिने काय, बघता बघता जातात. उलट पॅकिंगचा अनुभव गाठीशी आला.
अभिनंदन करायला गेलो. थर्मामीटर मुद्दाम टेबलावर ठेवून गेलो, दोन्ही हात रिकामे दिसतील असे पुढे धरले. तो भट्टीच्या कंट्रोलपाशी उभा होता, तापमान बघत. लॉट थंड होत होता. खिडकीवर पोलादी पट्टी ठोकलेली.
मला बघून तो दोन पावलं पुढे आला आणि रस्त्यात उभा राहिला. आवाज चढवला नाही. म्हणाला, “साहेब, भट्टी थंड होतेय. बाहेर थांबा.”
मागे वळून बघितलं, साहेब आलेत की काय म्हणून. कुणी नव्हतं.
ड्युटीवर असं बोलावंच लागतं. शिस्त आहे, चांगलंच आहे. रविवारी जेवायला येईल तेव्हा बोलूच. हिला सांगून ठेवलं, त्याच्या आवडीचं कर.

१२ एप्रिल, रविवार
ताटं मांडून झाली होती. त्याचा फोन आला, हिच्या फोनवर. यायला जमणार नाही म्हणाला. कन्येशी बोलला, किटली घेऊन ये, चिकटवून देतो म्हणाला. हिच्याशी बराच वेळ बोलला, हसलासुद्धा, इकडे मला ऐकू आलं. मी जवळ जाऊन उभा राहिलो. फोन माझ्याकडे येईल असं वाटत होतं.
फोन ठेवल्यावर हिला विचारलं, माझ्याबद्दल काही म्हणाला का?
ती चौथं ताट उचलत होती. म्हणाली, विचारलं ना. तुझे साहेब बरे आहेत ना, म्हणाला.